देवीदासाचा ओठ

देवीदास गावंडे मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी तुतारी, वाजवायचा, साहेबलोकांच्या नाचाला. बाळापूरकडच्या त्याच्या गावात हे कोणाला सांगून पटत नसे. बाप खुशालराव तर चारचौघांत म्हणायचा, "घरची काळी जमीन टाकून लोकाइच्या वरातीत बाजा फुकते!" वरातीतला बाजा सुटून चौदा वर्षं झाली होती. अकोल्यात पलटणीतून आलेल्या एका म्हाताऱ्या बँडमास्तराने त्याला कागदावर लिहिलेले सूर वाचायला शिकवलं, त्याच्याच चिठ्ठीवर तो मुंबईला गेला आणि तिथे त्याने पहिल्यांदा जॅझ ऐकलं.

"ते कसं असते?" बायकोने, वच्छलाने, एकदा विचारलं होतं.

"भजनात बुवा एकच ओळ धरते न, अन् दर खेपेले निराळी फिरवते, तसं. लिहेल काही नसते. उभं राहाचं अन् मनातलं सांगाचं."

पण उभं राहायची पाळी त्याच्यावर कधी आलीच नाही. पहिला कॉर्नेट नेहमी परदेशातून आणलेला माणूस वाजवी. देवीदास त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून त्याच्या सुराखाली सूर धरायचा. चौदा वर्षांत बँड बदलले, हॉटेलं बदलली, खुर्ची तीच राहिली.

मग विलायतेत लढाई पेटली आणि परदेशी वाजवणारे एकेक करून बोटीवर चढले. पुतणीच्या लग्नासाठी देवीदास अमरावतीला आला होता, तिथेच बँडच्या मालकाचं पत्र आलं. 'पहिली जागा तुझी. एक तारखेला हजर हो.' देवीदासाने ते तीनदा वाचलं आणि वच्छलाला हाक मारली. तिला वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचं तोंड पाहून ती मजकूर समजली. तारखेला बारा दिवस होते.

लग्न आटोपून दोघं अकोल्याला, वच्छला राहायची त्या घरी आली. वैशाखाचा उन्हाळा, गाडीच्या उघड्या खिडकीशी तोंड करून देवीदास सगळा वेळ गुणगुणत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरायला बसला तर पाणी तोंडात राहीना. डाव्या कोपऱ्यातून धार लागली. वच्छलाला वाटलं, थट्टा करतोय. ती हसली.

"वच्छले, हसू नको," तो म्हणाला, आणि ते शब्दही वाकडेच बाहेर पडले. त्याचा डावा डोळा मिटत नव्हता. अर्धा चेहरा मेणासारखा थिजला होता.

शेजारची तानुबाई म्हणाली, वारं लागलं. हकिमाने गरम तेलाने चोळायला सांगितलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गाल दाबून पाहिला. "शीर सुजली आहे. आपोआप उतरेल. महिना लागेल, कदाचित चार."

"डाक्टरसाहेब, मले एक तारखेले वाजवाचं हाये."

"मग दुसरं काहीतरी वाजवा," डॉक्टर सहज बोलून गेले.

देवीदास घरी येऊन कॉर्नेट घेऊन बसला. फुंक डावीकडून निसटे, वाद्यात काही पोचेना. तासभर वच्छला चुलीपुढून पाहत राहिली. मग उठली, त्याच्यासमोर बसली आणि अंगठ्याने त्याच्या ओठाचा कोपरा दाबून धरला.

"आता फुका."

एक सूर निघाला. फाटका, पण निघाला.

"आला! आला न जी!"

त्याने कॉर्नेट खाली ठेवला. "तिथं साहेबलोकाइच्या मांडवात माहा गाल धरून उभी राहशीन काय तू?"

"राहीन," ती म्हणाली. तिचा अंगठा थुंकीने ओला झाला होता. तो तिने पुसला नाही.

त्याने मुदत मागणारी तार केली. उलट तार आली, थांबता येत नाही. जागा गोव्याच्या एका माणसाला दिली.

चार महिन्यांनी डोळा मिटू लागला, बोलणं सरळ झालं. ओठाचा कोपरा मात्र सैलच राहिला. तरी देवीदास मुंबईला गेला. मालकाने त्याला बसवून ऐकलं. खालचे सूर जमले. वर चढताना ओठ सुटला. दुसऱ्यांदाही सुटला. मालक भला माणूस होता, त्याने मान खाली घालूनच ऐकलं आणि मग चहा मागवला. चहा आल्यावर देवीदासाला कळलं की आता काही बोलायचं उरलेलं नाही.

तो गावी परतला. वखरामागे चालू लागला. कोणी काही विचारत नसे, आणि तेच त्याला जड जाई.

पुढच्या हिवाळ्यात खुशालराव अंथरुणाला खिळला. एका दुपारी त्याने लेकाला जवळ बोलावलं.

"काय वाजवत होता रे तू तिथं? मले एकदा तं आयकू दे."

देवीदासाने सांगितलं, ओठ चालत नाही. मग राहवेना, म्हणून त्याने नाचाची एक चाल तोंडाने गुणगुणून दाखवली. मधे जिथे उभं राहून मनातलं सांगायचं, तिथे त्याने आपल्या मनातलं सांगितलं. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता.

"झालं?"

"झालं, बाबा."

"मले काही समजलं नाही रे." खुशालरावाचा आवाज नेहमीसारखा तिखट नव्हता. "तू वाजवलं असतं, तं समजलं असतं काय?"

देवीदासाने धोतराच्या सोग्याने ओठाचा कोपरा टिपला आणि बापाच्या पायांवरची घोंगडी नीट केली.