कोवळ्या मटारचा भात

“आज मी माझ्या टेबलावर बसणार नाही,” देझोने दारातच सांगून टाकलं. “आज खिडकीपाशी, दोघांना. आणि रीतसर पैसे देऊन.”

नीवेसबाईने हातातली ताटं खाली ठेवली. इटलीतल्या कियोज्जा गावात, कालव्याकाठी तिची ही खानावळ. स्वयंपाकघराच्या दाराला चिकटून जे डुगडुगतं टेबल होतं ते ड्रायव्हरचं. बसभर गिऱ्हाइकं आणून घालणाऱ्याने तिथे बसावं, वाफ अंगावर घेत फुकट जेवावं, ही रीतच होती. देझो दर वसंतात हंगेरीतल्या सेगेदहून म्हाताऱ्याकोताऱ्यांची सहल घेऊन यायचा आणि गेली वीस-बावीस वर्षं मुकाट्याने तिथेच जेवायचा.

“का रे बाबा, माझं टेबल आता बोचायला लागलं का?” विचारता विचारता तिला त्याच्यामागे उभी असलेली बाई दिसली. गळ्याला रुमाल, अंगात दोन मापं मोठा कोट. “अगं बाई, ह्याच का मार्गितबाई? न बघता, न चाखता माझा भात रांधणाऱ्या?”

देझोने बायकोला हंगेरियनमध्ये सांगितलं. मार्गित हसली. “रांधते कसली, हा सांगतो आणि मी ढवळते.”

खोटं नव्हतं ते. सहलीवरून परतलेल्या देझोचे बूट पायातून निघायच्या आत मार्गित स्टूल ओढून बसायची. “सांग, काय काय खाल्लंस?” तो सांगायचा आणि रविवारी ते ताटात यायचं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. जन्मभर लोकांच्या पोरांना वाढलं बिचारीने. वसंतात शाळा चालू, त्यामुळे सहलीला जायची सोय नाही. पेन्शन झाली की दोघांनी जायचं असं ठरलेलं. पेन्शन आली आणि तिच्या पाठोपाठ घशाचं दुखणं आलं. किरणांचे शेक झाले, वजन निम्मं झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, कुठे जायचं असेल तर ह्याच वसंतात जाऊन या. त्याचा अर्थ देझोला कळला, तिलाही कळला. घरी येताना दोघं बटाट्याच्या भावाबद्दल बोलले.

देझोने मनात एकच धरलं होतं. नीवेसचा कोवळ्या मटारचा भात हिने एकदा स्वतःच्या तोंडाने खायचा. ते मटार वर्षातून थोडेच आठवडे मिळतात. पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं?

वाटेत ग्राझला गोळ्यांचं सूप झालं, ल्युब्लियानाला मासा झाला. दर वेळी मार्गित आधी विचारायची, “कसं लागतं रे हे?” तो वर्णन करायचा. मग ती दोन घास घ्यायची आणि म्हणायची, “अगदी तसंच.” देझोला तेवढ्याने मूठभर मांस चढायचं. आपल्या दोघांची जीभ एकच, असं त्याने बसमधल्या सगळ्यांना सांगून झालं होतं.

सहलीची मंडळी मागच्या अंगणात बसली होती. आत हे दोघंच. भात आला.

“आधी सांग ना,” मार्गित म्हणाली.

“मटार दाताखाली फुटतो, गोड. भात कसा, आसट, चमच्यावरून ओघळणारा. लोणी असतं, थोडं किसलेलं चीज.”

“आणि लाल मिरची?”

“नाही.”

“मग त्याला चव ती कसली?”

हा त्यांचा जुना विनोद. तिला प्रत्येक पदार्थात लाल मिरची हवी असायची. ती चमचाभर भात तोंडात घेऊन डोळे मिटून बसली. “गोड आहेत रे मटार. तू म्हणायचास तसेच.”

देझोचे डोळे भरून आले. त्याने रुमाल काढला, नाक पुसलं आणि पहिला घास घेतला.

घास गिळवेना. मिठाची बरणीच उपडी झाली होती जणू. त्याने मार्गितकडे पाहिलं. ती शांतपणे दुसरा घास चावत होती.

तेवढ्यात नीवेस एप्रनला हात पुसत धावत आली आणि इटालियनमध्ये पुटपुटली, “खाऊ नका, खाऊ नका. सुनेनेही मीठ घातलं आणि मीही. अंगणातली ताटं परत घेतली, तुमचीही द्या, नवा टाकते.”

“राहू दे,” देझो म्हणाला. “चांगला झालाय.”

“काय म्हणते?” मार्गितने विचारलं.

“आवडला का विचारते.”

“सांग तिला, जन्माचं सार्थक झालं म्हणावं.”

देझोने सांगितलं. नीवेसने मार्गितकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि आत गेली. देझोने आपलं ताट संपवलं. मग मार्गितचं ताट आपल्याकडे ओढलं. “दुखेल तुझा घसा, उरलेलं मी खातो.” तेही त्याने शेवटच्या शितापर्यंत खाल्लं.

बस निघाली. मार्गित त्याच्या शेजारच्या सीटवर होती. देझो बाटलीमागून बाटली पाणी पीत होता. मागून पोस्टातल्या गिझेलाबाईंचा खणखणीत आवाज आला, “पहिला भात म्हणजे नुसतं लोणचं होतं हो. आम्ही तर परतच पाठवला.”

मार्गित देझोकडे वळली.

“आपलाही तसलाच होता?”

देझोने समोरच्या रस्त्यावरून नजर काढली नाही.

“शेक घेतले तेव्हापासून काहीच लागत नाही रे,” ती म्हणाली. “पाणी काय आणि सूप काय. तू इतक्या हौसेने आणलंस, सांगणार कशी?”

“मला सांगायचं नाहीस?” त्याचा आवाज फाटला. “मला?”

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “चल, आता सांग.”

“काय?”

“भात. चांगला झालेला. दर वर्षीचा.”

“मटार दाताखाली फुटतो,” तो म्हणाला. “गोड.” भात आसट, लोणी, किसलेलं चीज, सगळं त्याने सांगितलं.

“आणि लाल मिरची?”

“नाही.”

सवयीने तो तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघत थांबला. तिने काचेला डोकं टेकलं होतं.

“परत सांग,” ती म्हणाली. “पहिल्यापासून.”

देझोने बाटली तोंडाला लावली. ती रिकामी होती. मग कोरड्या घशानेच तो मटारपासून सांगू लागला.