आप्पांची कंपनीची डबी

आप्पांच्या छातीत जळजळ सुरू झाली की ती आधी घराला कळायची, मग डॉक्टरांना. ते हुंकार देत दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत आणि कोणी विचारलं नाही तर स्वतःच म्हणत, "मला काही होत नाहीये." सुरुवातीला त्यांनी चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या चघळायच्या गोळ्या आणल्या. तासभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. मग गुलाबी औषधाची बाटली आली. चमच्याची भानगड नको म्हणून ते बाटलीलाच तोंड लावत आणि मिशीला गुलाबी काठ घेऊन घरभर फिरत. शेवटी डॉक्टरांनी रोज सकाळी घ्यायची गोळी लिहून दिली आणि खरा तमाशा तिथून सुरू झाला.

कारण सून औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहणारी. तिने साधं, स्वस्तातलं पाकीट आणलं. आप्पांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"कंपनीची नाही ही."

"आप्पा, आतलं औषध तेच आहे. पहिल्या कंपनीच्या पेटंटची मुदत संपली की बाकीचेही तेच बनवतात. तपासून घेतलेलं असतं सगळं."

"तपासणी मला शिकवू नकोस. पाइपांच्या कारखान्यात तपासनीस होतो मी. स्वस्त माल माझ्या हाताला कळतो."

चार दिवस त्यांनी ती घेतली, तीही जेवण झाल्यावर, चहाच्या घोटाबरोबर. "पाणी आहे, नुसतं पाणी," असा निकाल दिला. सून घसा फोडून सांगत होती की ही गोळी उपाशी पोटी घ्यायची असते, खाण्याच्या अर्धा तास आधी. पण सुनेचं ऐकायला आप्पा काय वेडे होते?

मग कंपनीची डबी आली. आत घडी घातलेला कागद होता. तो आप्पांनी मुलाकडून मोठ्याने वाचून घेतला, आणि जे सून रोज सांगत होती तेच कागदाने सांगितलं म्हणून लगेच पटलं. सकाळी उठल्या उठल्या, उपाशी पोटी, रोज. आठवड्यात जळजळ गेली. "बघ," आप्पा म्हणाले, "याला म्हणतात औषध."

सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला. एका डबीच्या किमतीत साध्या गोळ्यांची सहा पाकिटं आली असती. पण पैशांपेक्षा तिला तो "बघ" जास्त झोंबला होता. डबी संपली तेव्हा तिने तशाच रंगाची साधी गोळी शोधून काढली. न्हाणीघरात नळ सोडून, म्हणजे पन्नीचा आवाज बाहेर जाणार नाही, एकेक गोळी पाकिटातून काढून कंपनीच्या रिकाम्या डबीत भरली. आप्पांच्या बोटांनी ते घट्ट झाकण उघडत नसे, डबी नेहमी तीच उघडून द्यायची. त्यामुळे कोणाला काही कळायचा प्रश्नच नव्हता. पंधरा दिवसांनी सांगायचं, सगळ्यांनी हसायचं आणि आपण जिंकायचं, इतकाच तिचा बेत होता.

पण पंधरा दिवसांनी आप्पा इतके खुशीत होते, डबी हातात धरून आल्यागेल्याला असं कौतुक सांगत होते, की तिचं तोंड उघडेना. मग डबी दुसऱ्यांदा भरली, मग तिसऱ्यांदा. नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "चालू दे," म्हणाला. चालू दिलं.

आप्पांचे एक मित्र होते, घड्याळवाले. बसथांब्याजवळच्या टपरीत डोळ्याला भिंग लावून त्यांनी गावभरची घड्याळं दुरुस्त केली होती. आता गुडघे कामातून गेले होते आणि दुखण्याच्या गोळ्यांवर दिवस चालले होते. त्या गोळ्या पोटाला घातक, म्हणून डॉक्टरांनी त्यांनाही हीच आम्ल कमी करणारी गोळी रोज घ्यायला सांगितली होती. घड्याळवाले साधं पाकीट न्यायचे. त्यांची कधी तक्रार नव्हती.

एके दिवशी ते काउंटरवर आले आणि पाकीट परत सरकवलं.

"पोरी, ती कंपनीची डबी दे. आप्पा घेतो ती."

"काका, कशाला? औषध एकच आहे. तुम्हाला ही लागू पडलीये ना?"

घड्याळवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, जरा संकोचून. "एकच असेल तर घरी सासऱ्याला ही का नाही देत?"

देतेय की, काका. हे एवढंच बोलायचं होतं. मागे रांगेत एक बाई खोकत उभी होती, मालक बिल फाडत होते, आणि सुनेच्या डोक्यात फक्त एक गोष्ट आली. यांना सांगितलं तर संध्याकाळी दोघे गप्पा मारत बसतात त्या बाकावर आप्पांना कळणार. आप्पा घर डोक्यावर घेणार. तिने मागे वळून फळीवरची डबी काढली.

"अर्धी मिळेल का?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

"सीलबंद असते, काका."

अर्धी कशाला हवी, हे तिने विचारलं नाही. तिला कळलं होतं. कळलं होतं आणि तिने बिल केलं.

त्यानंतर ते बरेच दिवस दुकानात आले नाहीत. डबी इतकी कशी पुरते, हा हिशोब तिच्या मनात अधूनमधून डोकं वर काढायचा आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायची. मग आप्पांना फोन आला. घड्याळवाले घरात चक्कर येऊन पडले होते. पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त जात होतं. कधीपासून, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

आप्पा आणि सून भेटायला गेले तेव्हा रक्ताच्या दोन पिशव्या चढून झाल्या होत्या. घड्याळवाले उशीला टेकून बसले होते. चेहरा कागदासारखा पांढरा.

"अरे, तुझं ते कंपनीचं औषध चालू होतं ना?" आप्पांनी विचारलं.

"होतं. रोज कुठलं परवडायला? एक दिवस आड घ्यायचो. म्हटलं, भारी औषध आहे, आड दिवसाने घेतलं तरी साध्यापेक्षा बरंच." ते ओशाळून हसले. "डॉक्टर ओरडले. आता रोज घ्यायला सांगितलंय. बघू कसं जमतं."

"बघू काय?" आप्पांनी खिशात हात घातला. प्रवासात, लग्नकार्यात, कुठेही ते डबी बरोबर नेत. ती त्यांनी मित्राच्या हातात कोंबली. "ही घे. संपली की दुसरी. माझ्याच्याने जमेल तोवर मी देतो. पण ते साधं पाणी पुन्हा पिऊ नकोस."

घड्याळवाल्यांचे डोळे भरून आले. सुनेने हिशोब केला. आता आपण गप्प बसलो तर हे दोघे म्हातारे मिळून एका खोट्या डबीसाठी पोटाला चिमटा घेणार, आणि परवडेनासं झालं की पुन्हा एक दिवस आड.

"आप्पा, त्यात कंपनीची गोळी नाही."

"काय?"

"पहिली डबी संपल्यापासून साधीच भरतेय मी. पाकिटातून काढून. काका आधी घेत होते तीच."

शेजारच्या खाटेवरचा माणूससुद्धा वळून बघायला लागला.  आधी बोलले ते घड्याळवाले, अगदी हळू.

"तीच?"

"तीच, काका."

"मग मी विचारलं होतं तेव्हा का नाही बोललीस? मी तोंडावर विचारलं होतं, पोरी."

"आप्पांना कळेल म्हणून," ती म्हणाली. मोठ्याने म्हटल्यावर ते कारण इतकं चिल्लर वाटलं की तिला तिथे उभं राहवेना. माफी मागायला ती वाकली, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. हातातली डबी फक्त आप्पांना परत दिली.

परतताना आप्पा रिक्षात बाहेर बघत बसले. घराच्या दाराशी आल्यावर बोलले.

"आमच्या कारखान्यात एकाच साच्यातले पाइप दोन शिक्के मारून जायचे. एक महागाचा, एक स्वस्ताचा. शिक्का मीच मारायचो. मला कळायला हवं होतं, आणि तरी मी त्या बिचाऱ्याला शहाणपण शिकवलं." मग चपला काढता काढता म्हणाले, "पण घरी लावायच्या पाइपावर मी कधी खोटा शिक्का मारला नाही, सूनबाई."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. तिच्याकडे उत्तराची तयारी होती, ओरडण्याला.

आता आप्पा साधीच गोळी घेतात. डबी कचऱ्यात गेली. पूर्वी ते चहा घेताना चेष्टेत विचारायचे, "साखरच घातलीस ना, का मीठ?" हल्ली विचारत नाहीत. आधी एक घोट घेतात, थांबतात, मग पितात. सून स्वयंपाकघरातून ते बघते आणि तिच्या घशाशी काहीतरी जळत वर येतं. त्यावर कुठल्याच फळीवर औषध नाही.

रोज सकाळी पाकीट घेऊन ते तिच्यासमोर उभे राहतात. बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. पाकीट स्वतःच्या हातात धरून ठेवतात, तिला देत नाहीत.

"वाच."

ती औषधाचं नाव मोठ्याने वाचते. मग आप्पा फोन लावतात. पलीकडे घड्याळवाले डोळ्याला ते जुनं भिंग लावून आपल्या पाकिटावरचं नाव वाचतात, एकेक अक्षर सुटं करून. आप्पा कान देऊन ऐकतात. सून हातात पाण्याचा पेला धरून उभी असते.

"जुळलं," आप्पा फोनवर म्हणतात, आणि मगच तिच्या हातून पाणी घेतात.