डाव्या कानाची संमती

आमच्या कानाच्या दवाखान्यात ते यंत्र आलं, तेव्हा मालक भरद्वाज साहेबांनी त्याला हार घातला. डॉक्टर आणि रुग्ण बोलतात, यंत्र ऐकतं आणि भाषांतर करून टिपण लिहितं. खासगी माहितीच्या नव्या कायद्याचे कागद सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मी विनुता, तंजावूरच्या मराठी घरातली. म्हणजे घरी मराठी, दाराबाहेर तमिळ आणि कागदावर इंग्रजी.

आमच्या लोकांना एक खोड आहे. चारचौघांत काही झाकायचं असलं की मराठीत बोलायचं. बसमध्ये, साडीच्या दुकानात, समोरच्याच्या तोंडावरसुद्धा. इथं ही भाषा आम्ही कुलपासारखी वापरत आलो.

सरोजाक्का तिरुवैयारूहून आल्या त्या घाबरूनच. त्या गाणं शिकवतात, चाळीस मुली येतात. "डाव्या कानांत वरचा सूर ऐकूं येईना ग," त्या दारातच कुजबुजल्या. "बाहेर कळलं तर मुली यायच्या नाहींत."

"आपल्या भाषेंत बोला अक्का," मी म्हणाले. "डॉक्टर वैद्यनाथ आपल्यांतलेच. दुसऱ्या कोणाला कांही समजणार नाहीं."

मी शहाणी! यंत्राला मराठी कळतं का, ते विचारलंच नव्हतं.

महिन्याभरानं साहेबांनी एका हॉटेलात इतर दवाखानेवाल्यांना यंत्राची करामत दाखवली. पडद्यावर सरोजाक्कांचा आवाज लागला. खाली सुबक इंग्रजीत उमटलं: संगीत शिक्षिका, तिरुवैयारू, मराठी घर, डावा कान जवळजवळ निकामी. नाव तेवढं पुसलं होतं. पण तिरुवैयारूत गाणं शिकवणाऱ्या अशा मराठी बाई कितीशा असणार? माझ्या शेजारी विशालाक्षी बसल्या होत्या, रक्त तपासणीच्या केंद्राच्या मालकीण. त्यांची मुलगी सरोजाक्कांकडेच शिकते. त्यांनी पर्समधून फोन काढला. लोक टाळ्या वाजवत होते, वाढपी तुपानं थबथबलेली केसरी, म्हणजे शिरा, वाढत होता.

पंधरा दिवसांत चाळीसातल्या अकरा मुली उरल्या.

मी साहेबांकडे गेले. ते काडीनं दातातली सुपारी काढत होते.

"नाव होतं का पडद्यावर?"

"नाही."

"मग झालं तर. उलट तुमची ही तंजावूरची दुर्मिळ मराठी मिळाली म्हणून यंत्राची कंपनी खूश आहे. संमतीचं रेकॉर्डिंग काढ आणि फाइलला लाव." सुपारीचा तुकडा त्यांनी बोटावर घेऊन निरखला आणि टेबलाच्या कडेला पुसला. त्या माणसाची मला किळस आली.

मी रेकॉर्डिंग लावलं. यंत्र तमिळमध्ये विचारतं, तुमचा आवाज इतर कामांसाठी वापरायला संमती आहे का. मग सरोजाक्का: "काय मणतें तें? मला ऐकूं आलं नाहीं ग." मग एक घाईतला, कंटाळलेला आवाज: "कांही नाहीं अक्का, नेहमीचंच. होय." त्यावर यंत्राचा हिरवा शिक्का, रुग्णाची संमती मिळाली.

तो आवाज माझा होता. साहेबांची किळस करणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सरोजाक्का स्वतःच आल्या. बाहेरच्या बाकावर मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. बाक भरलेला होता, समोर आणखी दहाबारा माणसं आपल्या नंबराची वाट बघत होती.

"साहेब मणतात, मी होय मटलें," त्या म्हणाल्या. "मला आठवेना. कानाबरोबर डोकंही गेलं काय ग माझं?"

"तुम्ही नाहीं अक्का. मी मटलें," मी हळूच म्हणाले.

त्या तशाच माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते. हे मला बसतानाच ठाऊक होतं.

"काय मणालीस?" त्यांनी मान वळवली आणि उजवा कान माझ्यापुढे केला.

मग मी उठून उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं. आधी मराठीत, आणि नंतर सगळ्यांना कळावं म्हणून तमिळमध्ये.