धारेवरची बर

थोरल्याच्या हातची धार म्हणजे शेवटचा शब्द, असं त्या कारखान्यात मानलं जाई. आणि हे मानणाऱ्यांत सगळ्यात पुढे थोरला स्वतःच होता. कारखाना कसला, दोन खोल्या. पुढच्या खोलीत थोरला गिऱ्हाइकांच्या धातू कापायच्या झिजलेल्या कटरना चाकावर धार लावायचा. मागच्या खोलीत धाकट्या भावाची निर्वात भट्टी. तिच्यात त्या कटरवर सोनेरी कोटिंग चढायचं. केसाच्या विसाव्या भागाइतकं पातळ, पण इतकं कठीण की एका कटरने चार कटरचं काम करावं.

या कोटिंगचे नखरे मात्र फार. धार लावताना कडेला धातूचा बारीक काटा उभा राहतो, त्याला बर म्हणतात. ती नुसत्या डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते. ती राहिली तर कोटिंग तिच्यावरच बसतं. पहिल्याच कापाला बर तुटते आणि वरचं सोनं घेऊन जाते. मग उघडी पडलेली धार तासाभरात मोडीत. थोरला बर घासून काढायचा आणि बोटाने चाचपून बघायचा. मागच्या खोलीत भिंग होतं, पण त्याच्याकडे त्याने कधी ढुंकून पाहिलं नाही.

गेले सहा महिने ती बोटं बधिर झाली होती. तीस वर्षं चाकाची थरथर खाल्लेली बोटं, आणखी काय होणार! चहा गरम आहे की गार, हेही ओठाला लावल्यावर कळे. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. सांगितलं की चाकासमोरची खुर्ची गेली. मग धाकट्याच्या घरात बसून जेवायचं आणि झोपा काढायच्या, हे त्याला मरणाहून वाईट वाटे. तो आपला सवयीने बोट फिरवी, मान डोलावी आणि टोपली मागे पाठवी. तक्रार एकही आली नाही, तेव्हा हात अजून शाबूत आहे अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

आणि एके सकाळी चाळीसच्या चाळीस कटर परत आले. गिऱ्हाईक सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठं. प्रत्येक कटरच्या कडेवरचं कोटिंग गेलेलं. धाकट्याने भट्टीवरच्या बाईला हाक मारली. कटर धुऊन भट्टीत लावायचं काम तिचं.

"नीट धुतले नाहीस. तेल राहिलं की कोटिंग सोलणारच!"

"धुतले होते, साहेब. तेल राहिलं असतं तर कुठेही पोपडे आले असते. हे फक्त कडेला गेलंय. आजच्या टोपलीतला एखादा कटर भिंगाखाली ठेवून बघा ना."

"दादाच्या कामाला भिंग लावू?" धाकट्याचा आवाज चढला. बापामागे थोरल्यानेच त्याला वाढवलं होतं. दादावर शंका घेणं त्याच्या जिवावर आलं. तरी त्याने विचारलं, "दादा, बर काढली होतीस ना?"

बाई थोरल्याकडे बघत राहिली. त्याने नुसतं 'माहीत नाही' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"काढली होती," थोरला म्हणाला.

बाईला तिथल्या तिथे कामावरून काढलं. थोरल्याने तिला फाटकापाशी गाठलं. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दोन गोड शब्द बोलून आपल्या मनावरचं ओझं तिच्याच डोक्यावर द्यायचं असेल.

"वाईट वाटलं गं," तो म्हणाला. "धाकटा तापट आहे. दुसरीकडे कुठे शब्द टाकू का?"

"राहू द्या, दादा." तिने डबा पिशवीत कोंबला. "सहा महिने तुमच्या प्रत्येक टोपलीत बर होती. मी भिंगाखाली बघून, एकेक कटर घासून मगच धुवायची. हे चाळीस केले त्या दिवशी लेक तापाने फणफणली होती. घाईत नुसते धुतले आणि लावले."

थोरल्याचा सहा महिन्यांचा तो सगळा मान या बाईने गुपचूप घासून दिलेला होता.

"मला सांगायचं तरी!"

"आले होते सांगायला, पहिल्याच आठवड्यात. तुम्ही चाकसुद्धा थांबवलं नाहीत."

"मग आज साहेबांपुढे का नाही बोललीस?"

"वाट बघत होते. वाटलं, तुम्ही बोलाल."

ती गेली. थोरला मागे वळला आणि तडक धाकट्याच्या दाराशी गेला. चालता चालता त्याने वाक्यही जुळवलं होतं, अगदी साधं: चूक माझी आहे, तिला परत बोलाव. धाकटा नुकताच फोन ठेवत होता. त्याचा चेहरा उजळला.

"दादा, वाचलो! गिऱ्हाईक थांबायला तयार आहे. म्हणाले, धार थोरल्याची असेल तरच. चाळीसही कटर नव्याने करायचेत. कधी देतोस?"

थोरल्याने तोंड उघडलं.

"उद्या देतो," तो म्हणाला.

"बस्स," धाकटा म्हणाला. "तू दिलेस की सरळ भट्टीत लावतो. तुझं काम बघायला कशाला हवं कुणी?"