नेव्हेनाची चाल

आमच्या गावच्या लग्ननोंदणी कचेरीत नेव्हेना अकरा वर्षं होती. जन्मापासून तिचा डावा पाय ओढत पडायचा, बोलताना शब्द अडकायचे. कामात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. देल्चेव्ह साहेब बदलून आले आणि आठवड्याभरात तिचं टेबल तळघरात, जुन्या दप्तरांमध्ये गेलं.

"तिच्याच सोयीसाठी," ते सगळ्यांना म्हणाले. मला एकटीला गाठून म्हणाले, "रोसित्सा, लोक इथे लग्नाला येतात. फोटोत हे ध्यान कशाला?"

मी हसले.

एकदा कॉफीच्या सुट्टीत मी तिची नक्कल केली. पाय ओढत चालले, "न-न-नमस्कार" म्हणाले. साहेबांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. मग ते रोजचंच झालं. "रोसे, तळघरवाली दाखव ना!"

फुलांच्या रविवारी फुलांची नावं असलेल्यांचा नामदिन असतो, आणि नेव्हेना हे फुलाचंच नाव. दुसऱ्या दिवशी नेव्हेना सगळ्यांसाठी चीज भरून भाजलेली, पापुद्र्यांची बनित्सा घेऊन एकवीस पायऱ्या चढून वर आली. मी तेव्हा टेबलांच्या मधोमध पाय ओढत होते. सगळे एकदम गप्प झाले म्हणून वळले, तर ती दारात.

तिने ताट खिडकीत ठेवलं. "ग-गरम आहे," म्हणाली आणि खाली गेली.

आम्ही बनित्सा खाल्ली. सगळी.

त्यानंतर ती आलीच नाही. तिने राजधानीत, सोफियातल्या भेदभावविरोधी आयोगाकडे तक्रार केली होती. इकडे भर दुपारी मला जिन्यावर पावलं ऐकू येऊ लागली: एक टेकलेलं, एक ओढलेलं. दार उघडावं, तर कुणी नाही. एकदा घरी कणीक मळताना जमिनीवर पीठ सांडलं. आई म्हणाली, "पाय दुखतोय का गं? ओढतेयस." मी खाली पाहिलं. पिठात माझ्या डाव्या पायाची लांब रेघ होती. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

सुनावणीत साहेब म्हणाले, "थट्टामस्करी हो! आमचं घरासारखं आहे."

मला उभं केलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुमचा हेतू काय होता?"

"हसवायचा."

"हेतू वाईट नव्हता म्हणून तिचा अपमान झाला नाही, असं कायदा मानत नाही. तिला तळघरात का हलवलं, याबद्दल काय माहीत आहे?"

साहेब माझ्याकडे रोखून पाहत होते. मी फोटोचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मग नक्कल कोण करायचं, तेही. माझा आवाज मलाच परका वाटला.

निकाल नेव्हेनाच्या बाजूने लागला. तळघरात हलवणं हा भेदभाव ठरला, आमचं हसणं छळ ठरलं. देल्चेव्ह कचेरी सोडून गेले. ती पुन्हा वर, खिडकीजवळच्या टेबलावर आली.

पहिल्याच दिवशी मी तिच्यापुढे उभी राहिले. "नेव्हेना, माफ कर मला."

ती बराच वेळ शब्दाशी झगडत राहिली. मी मधे बोलले नाही.

"त्या दिवशी मी दारात ब-बराच वेळ उभी होते," ती म्हणाली. "वाटलं, एक तरी कुणी तुला थ-थांबवेल."

मग तिने पुढच्या जोडप्याला हात करून बोलावलं.