बाहीवाल्याचा चौथा भाग

बाहीवाला मुळात विनोदी नव्हता. तीन सिनेमांत त्याने ढिगाने माणसं कापली, पण घाई एकदाही केली नाही. आधी घड्याळ काढून टेबलावर ठेवायचं, मग शर्टाच्या बाह्या घडीवर घडी घालत कोपरापर्यंत दुमडायच्या, आणि मगच सुरी उचलायची. प्रेक्षकांची बोबडी वळायची ती सुरीने नाही, त्या बाह्यांनी.

ही सवय कुठून आली ते घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. सिनेमे भाऊ दिग्दर्शित करायचा, संकलन ताई करायची. दोघं लहान असताना त्यांचे वडील, अप्पा, संध्याकाळी घरी येऊन असंच घड्याळ काढत, अशाच बाह्या दुमडत. मग पोरं पलंगाखाली शिरून, आईचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून कान दाबून बसत. अप्पांकडे सुरी तेवढी नव्हती. ती सिनेमाने दिली.

चौथ्या भागात भावाने बाहीवाल्याचा विदूषक केला.

"भीती शिळी झाली, ताई. लोकांना आता हसायचंय," तो संकलनाच्या खोलीत म्हणाला. पडद्यावर बाहीवाल्याच्या बाहीचं बटण अडकलं होतं. त्याने ओढून पाहिलं, दातांनी धरून पाहिलं, आणि शेवटी जिला मारायचं त्या बाईलाच ओशाळून विचारलं, "जरा बघतेस का?" बाईने बटण सोडवलं आणि खुदकन हसली.

"काढ हे," ताई म्हणाली.

"वेड लागलंय का? सिनेमाचा जीव आहे तो."

"त्या बाह्यांनी आपला जीव जायचा रोज. आणि तू त्यांना गुदगुल्या करतोयस."

"हसलं की भीती मरते, ताई. अप्पा माझ्याकडे राहतात, मी रोज बघतो. बोटं थरथरतात त्यांची. बटण लागत नाही, आई लावून देते. तिथूनच सुचलं मला."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. "अजून आईच लावून देते, आणि तुला त्यात विनोद दिसला?"

"तू पलंगाखालून बाहेरच आली नाहीस, बघ."

"आणि तू बाहेर येऊन त्यांच्या मांडीवर बसलास!"

शेवटी ठरलं ते असं: चाचणी खेळाला अप्पा आणि आई येणार होते. आई हसली, तर सीन राहील आणि ताईने ब्र काढायचा नाही. नाही हसली, तर सीन जाईल. ताई लगेच कबूल झाली. त्या बाह्यांवर आई हसेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

खेळ दुपारी, एका छोट्या थिएटरात झाला. कुठला विनोद लागू पडला ते नंतर कळावं म्हणून पडद्याखाली एक कॅमेरा प्रेक्षकांचे चेहरे टिपत होता. ताई मागे दाराशी उभी राहिली. बटण अडकलं आणि थिएटर खदखदलं. सगळ्यांच्या वर अप्पांचं हसू होतं, खुर्चीच्या हातावर थापा मारत. आणि पाठोपाठ आईचं. ताईने ते बरोबर ओळखलं.

खेळ संपल्यावर बाहेर चहा होता. अप्पांनी तिला हाक मारली. "काय गं पोरी, तीनदा मला राक्षस केलंत. आता कुठे माणूस केलंत!"

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या भागात मध्यंतरालाच उठून गेले होते, तेव्हापासून माहीत होतं.

"इतका काही वाईट नव्हतो मी. हो ना गं?" त्यांनी आईला कोपराने ढोसलं.

"छे, छे," आई म्हणाली.

भाऊ ताईच्या कानाशी आला. "आई हसली. हरलीस."

चारचौघांत तमाशा नको म्हणून ताईने भरलेला कप कचऱ्यात टाकला आणि थेट संकलनाची खोली गाठली. तिथे तिने प्रेक्षकांचं चित्रण लावलं. कोण आधी बघतं आणि कोण नंतर, यावर तिचं पोट चालत होतं. ती पुढे-मागे करत बघत राहिली, आणि सकाळी भाऊ येताच त्याला खुर्चीत बसवलं.

"आईकडे बघ."

बटण अडकलं. थिएटर हसलं. आई हसली नाही. तिने मान वळवून अप्पांच्या तोंडाकडे पाहिलं. अप्पांचे दात दिसले, तेव्हा तिचे दिसले.

"बायका बघतात नवऱ्याकडे. त्यात काय?"

ताईने दुसरा विनोद लावला. मग तिसरा. पोलिसाच्या डोक्यावर बादली पडते तोही लावला, ज्यात बाह्यांचा काही संबंध नव्हता. प्रत्येक वेळी आधी मान, मग हसू.

"अख्ख्या सिनेमात एकदा तरी आपल्या मनाने हसलीय का, दाखव मला."

"तुला सगळीकडे तेच दिसतं, ताई."

"बरं. मग आईच्या शेजारच्या खुर्चीत कोण आहे ते बघ."

तिने बटणाचा सीन पुन्हा लावला. शेजारच्या खुर्चीत भाऊच होता. विनोद त्याचा, सिनेमा त्याचा. थिएटर हसलं, आणि त्याने पुढे वाकून, आईच्या पलीकडे, अप्पांकडे पाहिलं. मग हसला.

त्याने स्वतः चित्रण मागे नेलं. पुन्हा पाहिलं.

"बंद कर."

"नाही करणार! एवढं मोठं नाव तुझं, आणि स्वतःच्या विनोदावर हसायला परवानगी त्यांची? भीती मेली म्हणालास ना? ही कोण बसलीय मग तिथे?"

भावाने तोंडावरून हात फिरवला. "काढ तो सीन," तो म्हणाला. दारापर्यंत गेला आणि थांबला. "पण अप्पांना काय सांगायचं?"

ताईने फोन उचलून भावाच्या घरचा नंबर लावला. "अप्पा, बटणाचा सीन काढलाय... का म्हणजे? तो विनोद नव्हता म्हणून." पलीकडचा आवाज खाली उतरला, तिच्या ओळखीच्या पट्टीत. "त्याला फोन दे."

तिने फोन पुढे धरला. भावाने हात पुढे केला नाही.

"मीच सांगितलं काढायला," तो दारातूनच म्हणाला. आवाज धड निघाला नाही, पण पलीकडे पोचला असावा, कारण अप्पांनी फोन आपटला.