कोपऱ्यात टाकलेला पास

वरदनं न बघता टाकलेला पास कोपऱ्यात गेला. तिथं कुणी नव्हतं. चेंडू कुंपणाच्या जाळीवर आपटला आणि घरंगळत पाण्याच्या टाकीपाशी जाऊन थांबला.

मच्छिंद्र सरांनी शिट्टी तोंडातून काढली.

“कोणाला दिलास?”

वरद घाम पुसत राहिला.

“नाही, ओळख करून दे. टीममध्ये कोणी नवीन आलं असेल तर मलाही कळायला हवं.”

केयूर हसला आणि सरांनी पाहताच बुटाची नाडी बांधायला वाकला. चेंडू वरदनंच आणला.

“शनिवारी जिंकलो तर पुढची फेरी, नाहीतर सीझन संपला,” सर म्हणाले. “आणि शनिवारी त्या कोपऱ्यात पास गेला, तर पुढच्या वर्षी तू बाकावर, माझ्या शेजारी. मला गप्पा मारायला कोणीतरी लागतंच.”

तो कोपरा शहाबाजचा होता. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. वरदनं बास्केटखाली मुसंडी मारायची, समोरचे दोघं-तिघं अंगावर ओढून घ्यायचे आणि मान न वळवता चेंडू उजवीकडं सोडून द्यायचा. कोपऱ्यात शहाबाज असायचाच. गुडघे किंचित वाकलेले, हात छातीशी उघडे. यंदा त्याच्या अब्बांनी मंडईमागचं घर सोडलं, दुकानासकट सगळे कात्रजला गेले, आणि शहाबाजनं तिकडचंच कॉलेज घेतलं. जाताना भांडण झालं नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. फोन आधी रोज व्हायचे, मग मॅचच्या दिवशी, मग सणावारी. शनिवारची मॅच त्याच्याच कॉलेजशी होती.

संध्याकाळी धायरीच्या दत्तमंदिरात यज्ञेश्वरबुवांचं कीर्तन होतं. दर गुरुवारी असे. बुवा म्हणजे वरदचे वडील. शाळेत जायला लागल्यापासून वरद त्यांच्यामागं झांज धरून उभा राहत आलेला. निरूपण रंगात आलं की बुवा स्वतः रचलेलं एक पद घेत. ‘उंबऱ्याशी उभा हरी’ एवढंच म्हणून थांबत, आणि पेटीवरचे बापूराव ‘नाव माझे घेतो’ म्हणत ओळ अलगद उचलत. बुवा कधी मागं वळून बघत नसत. शहाबाज वरदला न्यायला आला की चपलांपाशी खांबाला टेकून ऐकत बसे. साखरफुटाणे घेतल्याशिवाय उठत नसे. त्यानंच एकदा म्हटलं होतं, “तुझे बाबापण न बघताच पास देतात, यार.”

बापूराव मार्गशीर्षात गेले. आता पेटीवर पूर्वा बसते. तिचा हात गोड, पण आपण गाणार नाही हे तिनं आधीच सांगून टाकलेलं. तरी बुवा अर्धी ओळ सोडतातच. आजही सोडली. देऊळ थबकलं. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी शेजारणीकडं पाहिलं. वरदनं नेहमीप्रमाणे झांज जोरात वाजवून ती पोकळी बुजवून टाकली.

परतताना स्कूटरवर तो म्हणाला, “बाबा, ती ओळ तुम्हीच पुरी करा ना. लोकांना वाटतं, बुवा विसरले.”

“वाटू दे.”

“पण तिथं आता कुणी नाहीये.”

मागं बसलेल्या बुवांनी वाऱ्यानं उडणारं उपरणं गुंडाळून मांडीवर घेतलं.

“समोर बघून चालव,” ते म्हणाले.

शनिवारी वरद जपून खेळला. प्रत्येक पास डोळ्यांनी आधी पोचवायचा, मग हातानं. सर दोनदा “शाब्बास” म्हणाले, म्हणजे वर्षभराचा कोटा संपला. हिरव्या जर्सीतला शहाबाज केयूरला अडवत होता. जवळून गेला तरी वरद त्याच्याकडं बघत नव्हता. तोही बघत नव्हता.

शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा ते एका गुणानं मागं होते. चेंडू वरदकडं आला. तो आत घुसला, दोघं अंगावर आले. डावीकडून केयूर ओरडला. केयूर मोकळा होता, अगदी मोकळा. वरदला तो दिसलाही.

हात उजवीकडं गेला.

चेंडू जाळीवर आपटला नाही. तळव्यांत चेंडू बसल्याचा आवाज आला, आणि वरदनं वळायच्या आधीच तो ओळखला. कोपऱ्यात शहाबाज उभा होता. गुडघे किंचित वाकलेले. त्यानं चेंडू डोक्यावर उचलला, समोरच्या बास्केटवर नजर लावली. ते बास्केट आता त्यानं राखायचं होतं. हात तसेच वर राहिले. मग त्यानं चेंडू खाली घेतला आणि पोटाशी धरला. शिट्टी वाजली. हिरव्या जर्सीवाली पोरं त्याच्या अंगावर कोसळली.

हात मिळवायच्या रांगेत शहाबाज समोर आला.

“आमचे सर म्हणाले, काय बरोबर ओळखलास पास.” तो हलक्या आवाजात बोलत होता. “मी ओळखलाच नव्हता. केयूर माझा माणूस होता ना. त्याला तिकडं सोडून आलो. कधी आलो, मलाच कळलं नाही. मी नुसता उभा होतो, यार.”

वरदनं त्याचा हात सोडला नाही.

“अरे, रांग पुढं जाऊ द्या,” मागून केयूर करवादला. “हरलोय आपण. लग्न नाहीये.”

मच्छिंद्र सरांकडं बोलायला पुष्कळ होतं. पण वरद समोर येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडं पाहत ते जरा वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

“बाक टणक आहे,” ते म्हणाले. “उशी आण हवी तर.”

“हो सर.”

पुढच्या गुरुवारी धायरीला जाताना सिग्नलला स्कूटर थांबली.

“हरलात म्हणे,” बुवा म्हणाले.

“हो. शेवटी माझा पास चुकला.”

“कुणी झेलला?”

“शहाबाजनं.”

सिग्नल सुटला. पूल ओलांडल्यावर बुवा वरदच्या खांद्याशी पुढं वाकले.

“मग चुकला कसा?” ते म्हणाले.

देवळात त्या दिवशी गर्दी बेताची होती. पूर्वानं सूर धरला. बुवांनी पद घेतलं, ‘उंबऱ्याशी उभा हरी’ म्हटलं आणि ओळ सोडून दिली.

वरदचे हात सवयीनं वर आले. चपलांपाशी, खांबाजवळ, कुणी बसलेलं नव्हतं. त्यानं झांजेच्या दोन्ही वाट्या छातीशी घट्ट दाबून धरल्या. किणकिण उरली होती, तीही विझली.

बुवा मागं वळले नाहीत. फक्त त्यांची मान, एरवी बापूरावांना दाद देताना हलायची तशी, किंचित हलली.